भोपळ्याचं टेबल अखेर पायावाचून उभं राहिलं

मंडळी, भोपळ्याचं, म्हणजे आमच्या छोट्या कॅम्पिंग ट्रेलरचं, बाहेरून भिंतीला अडकवायचं टेबल झालं. रंग बाकी आहे, पिना बाकी आहेत, पण वर भरलेला कुकर ठेवून ट्रेलरमध्ये माणूस चढला-उतरला तरी कुकर जागचा हलत नाही, म्हणून झालं असं जाहीर करतो.

रेलचं काम मागेच दाखवलं होतं. दाराशेजारच्या भिंतीवर रेल म्हणून ॲल्युमिनियमचा झेड सेक्शन (Z आकाराची पट्टी), त्याचा जोडीदार टेबलाच्या मागच्या कडेला. वरून अडकवायचं, उचललं की निघतं. पुढे घडीचा एक पाय. अंगणात, रिकाम्या ट्रेलरवर, हे सगळं ठणठणीत उभं राहिलं होतं.

घोळ पाट्यांचा, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांचा. भोपळा हलका, ॲक्सल एकच, त्यामुळे दारातून कोणी आत शिरलं की ती बाजू २०-२५ मिमी खाली बसते. टेबलाची आतली कड ट्रेलरबरोबर खाली, बाहेरची कड पायामुळे जागीच. ४५० मिमी रुंदीत २५ मिमीचा उतार म्हणजे चहाचा कप भिंतीकडे निघालाच. आत कोणी असताना लेव्हल करावं, तर तो उतरल्यावर कप गवतात. नाव भोपळा ठेवलं म्हणून टुणुक टुणुक इतकं मनावर घ्यावं?

ट्रेलर खाली बसू नये म्हणून त्याखाली कात्री जॅक लावायचा उपाय बऱ्याच जणांनी सुचवला. कठीण जमिनीवर फरक पडतो, नाही असं नाही. पण पवनेच्या काठी पावसानंतरच्या मातीत जॅक खालच्या फळीसकट रुततो, टेबलाचा पायही रुततो, आणि दोघे सारखे रुतत नाहीत. पायाला उंचीचा स्क्रू लावला, खाली रबरी बूट घातला. चहा सांडायचा तो सांडलाच. एक टोक ट्रेलरवर आणि दुसरं जमिनीवर असलेली कुठलीही वस्तू सरळ राहणारच नाही, हे खरं दुखणं.

म्हणजे पाय काढायचा. पण मग सगळा भार झेडवर. गॅस आणि भरलेला कुकर मिळून १५ किलो धरा, भिंतीपासून ४०० मिमीवर. हा मोमेंट (टेबल खाली फिरवू पाहणारा जोर) ६ किलो-मीटर. झेडची उंची जेमतेम ४० मिमी, तेव्हा वरच्या कडेला ओढ १५० किलोची. आपल्या भिंतीत ४ मिमी एसीपी (ॲल्युमिनियमचं कंपोझिट पॅनेल), आत फोम, आणि एम-६ रिव्हनट (रिव्हेटसारखे दाबून बसवायचे नट) बसलेत ते पातळ चौकोनी पाइपात. एक रिव्हनट स्पॅनरबरोबर गोल फिरायला लागला तेव्हाच विषय संपला.

उत्तर नाक्यावरच्या पानटपरीने दिलं. तिच्या पुढच्या फळीला जमिनीवर पाय नसतो, नाहीतर गिऱ्हाईक अडखळेल. खालून तिरकी दांडी, ती टपरीच्याच अंगाला टेकलेली. तोच हिशेब इथे लावला: २० मिमी चौकोनी पाइपाच्या दोन दांड्या, टेबलाखाली भिंतीपासून ३५० मिमीवर बिजागरी, खालचं टोक रेलच्या ३५० मिमी खाली थेट चॅसिसच्या (खालच्या सांगाड्याच्या) चॅनेलवर. त्याच १५ किलोला रेलवरची ओढ आता १७ किलोच्या आसपास, आणि झेडच्या ओठाला ती सहज पेलते. ट्रेलर खाली बसला की टेबल त्याच्याबरोबरच बसतं. भोपळा अख्खा थोडा कलतो तेवढंच, पण त्याने कप चालायला लागत नाही.

दांडीचं खालचं टोक ज्यात बसतं ते कप चॅनेलला वेल्ड करू नका. मिस्त्री ‘दोन मिनिटांचं काम’ म्हणून मशीन घेऊन आलाच होता, पण त्या उष्णतेने शेजारचा भिंतीतला एक्सपीएस फोम वितळला असता. मी चॅनेलच्या उभ्या भागात मधोमध भोकं पाडून बोल्टने बसवले. वरच्या-खालच्या पाकळीला ड्रिल लावायचं नाही, ताकद तिथेच असते.

पाणी आत शिरू नये म्हणून रेलमागे ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी). सिलिकॉनवाल्यांशी माझं भांडण जुनंच आहे: सिलिकॉन एकदा लागलं की त्यावर रंग बसत नाही आणि उरलेल्या थरावर दुसरं काही चिकटत नाही. पाइप लावून भरपूर पाणी मारलं. आतून बोट फिरवलं तर कोरडं. त्या बोटावर मी फारच खूश आहे. कोकणात न्यायचं असल्याने स्टीलचे बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचे वॉशर घातलेत, खाऱ्या हवेत ती जोडी एकमेकांना खाते.

फळी १२ मिमी मरीन प्लायची, ९०० बाय ४५०, साधारण सव्वातीन किलो. घेताना शिक्का बघा, आयएस ७१० हवा. एका दुकानदाराने ३०३ चा, म्हणजे साध्या प्लायचा, शीट ‘मरीनच आहे हो’ म्हणत पुढे केला होता.

दांड्या दोन्ही टोकांना लावल्यात, पण हे लिहिता लिहिता वाटतंय की त्या १५० मिमी आत घ्याव्यात. मग गॅस बरोबर एका दांडीवर येईल आणि फळीचा मधला झोल कमी होईल. आणि तसं केलं तर तीच फळी मागे गॅलीच्या (ट्रेलरच्या स्वयंपाकघराच्या) बाजूलाही लागेल, कारण तिथला चॅनेल अरुंद आहे. म्हणजे आतल्या टेबलासाठी राखून ठेवलेला दुसरा झेड मागे जाणार. आतलं टेबल राहिलं! रिकामा झालेला पाय मात्र ऑनिंगचा (बाहेरच्या कापडी छताचा) खांब म्हणून चालेल, उंची स्क्रूवर वाढतेच.

शनिवारी बोहरी आळीत पिना बघायला जातोय. पोरांचं डोकं खालून लागून फळी उचलली जाऊ नये म्हणून झेडला आडवी पिन हवी. आर-क्लिप (R आकाराची तारेची पिन) की स्प्रिंगची बॉल पिन, कोणी वापरलंय? आर-क्लिप अंधारात हरवते, हा माझा अंदाज.