लांबट भोक

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. भोसरीतून आम्ही पहाटे पाचला निघालो तेव्हा काचेवर इतकं दव होतं की वायपर चालू ठेवूनच नाशिक फाटा ओलांडला. मागच्या सीटवर दोन पेट्या होत्या, एकीत टेस्ट बॅरल, म्हणजे चाचणीची रायफलची नळी, आणि दुसरीत साठ काडतुसं. अडीच वर्षांचं काम त्या साठ काडतुसांत होतं. रेंजवर पोचल्यावर नेहमीप्रमाणे मी आधी वहीत तापमान लिहिलं: ९ अंश.

मी काडतुसांचं डिझाइन करते. बालपण खडकीत गेलं. १८६९ पासून तिथे दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि आमच्या चाळीतली निम्मी घरं त्याच्या भोंग्यावर चालायची. त्यामुळे 'काडतूस' हा शब्द मला लहानपणापासून घरातल्या भांड्याइतका ओळखीचा. तरी लांब पल्ल्याच्या रायफलचं काडतूस कागदावर कुठून सुरू करायचं, हे नीट कळायला मला नोकरीची बारा वर्षं लागली.

सुरुवात गोळीपासून करायची. बहुतेकांना वाटतं की आधी मोठी केस, म्हणजे काडतुसाचं धातूचं नळकांडं घ्यावं, त्यात भरपूर प्रोपेलंट (गोळीला ढकलणारी दारू) भरावं आणि पुढे गोळी बसवावी. दोनशे-तीनशे मीटरपर्यंत हे चालून जातं. त्यापुढे मात्र नळीच्या तोंडाशी वेग किती होता यापेक्षा हवेने त्यातला किती खाल्ला याला महत्त्व येतं. ७.६२ मिमीची ११.३ ग्रॅमची गोळी आणि ६.५ मिमीची ९ ग्रॅमची गोळी शेजारी ठेवा. दुसरी सव्वादोन ग्रॅमने हलकी आहे, पण तिच्या छेदाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे सुमारे आठ टक्के जास्त वजन आहे. त्यात नाक लांब, निमुळतं आणि मागचं टोक होडीसारखं उतरतं केलं, की ती हवेतून सुळकन निघते. धक्का कमी बसतो, आणि पाचशे-सहाशे मीटरवर ती आपल्याहून वजनदार गोळीलाही मागे टाकते.

फक्त अशी गोळी लांब असते. आमची ३६.५ मिलिमीटर होती. लांबी आली की बाकी सगळ्यांना सरकून जागा द्यावी लागते.

पहिली अडचण मॅगझीनची, म्हणजे रायफलीत काडतुसं ठेवायच्या डब्याची. पूर्ण काडतूस ७२ मिमीच्या आत बसवायचं होतं. आम्ही आधी ७.६२ ची ५१ मिमी केसच घेऊन तिची मान, म्हणजे गोळी धरणारं पुढचं अरुंद तोंड, ६.५ ला आवळली होती. त्या केसवर आमची लांब गोळी बसवली तर बाहेर जेमतेम वीस मिमी उरायचे. गोळीचा सरळ भाग संपून नाकाचा बाक जिथे सुरू होतो, ती जागाच मानेच्या आत बुडायची. मान मग गोळीला धरणार कशाने? शिवाय बुडालेलं शेपूट प्रोपेलंटची जागा खायचं. ही अडचण जगात नवी नाही. १९९७ च्या .२६० रेमिंग्टन या काडतुसात लांब गोळ्या वापरणाऱ्यांना हेच नडलं होतं. २००७ साली ६.५ क्रीडमूर आलं, त्यात केस ४८.८ मिमीवर आणली होती आणि खांद्याचा, म्हणजे केस मानेकडे निमुळती होते त्या भागाचा, कोन ३० अंश ठेवला होता. केस आखूड करून गोळीला बाहेर श्वास घ्यायला जागा दिली, एवढीच युक्ती. पण एवढ्याच युक्तीने ते काडतूस जगभर पसरलं.

आम्हीही तोच रस्ता धरला. गोळीचं टोक मॅगझीनच्या पुढच्या भिंतीपासून थोडं आत ठेवलं आणि तिथून मागे मागे येत रेघा मारल्या. नाकाचा बाक कुठे संपतो, मान कुठे यायला हवी, खांदा कुठे, बूड कुठे. केस सगळ्यात शेवटी निघाली, जवळजवळ तीन मिमी आखूड. चेंबरचा, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा कोरायचा रीमर नव्याने करून घेतला. आमच्या टूलरूममधले काका आठ दिवस त्याच्या धारा हाताने घासत होते. शेवटी रीमर माझ्या हातात देताना म्हणाले, "घ्या मॅडम, आता याच्यात दोष निघाला तर तो तुमच्या ड्रॉइंगचा." मी ते हसण्यावारी नेलं नाही. ड्रॉइंग पुन्हा पहिल्या रेघेपासून तपासलं आणि मगच सही केली.

तर त्या सकाळी पहिल्या दहा फैरी शंभर मीटरवर झाल्या. गोळी सोडायला आमचे सुभेदारसाहेब. सैन्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर नेमबाजी शिकवलेली, बोलणं मोजकं. वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर आकडा हवा तसा येत होता, फैरीफैरीतला फरक कमी होता. आम्ही सगळे खूश. मग टार्गेट बघायला चालत गेलो.

दहा भोकं होती, पण हाताच्या पंजाएवढ्या जागेत विखुरलेली. शंभर मीटरवर हे फारच वाईट. प्रोपेलंट बघणारा आमचा सहकारी लगेच म्हणाला, "गारठ्याने जळण नीट होत नाहीये, चार्ज थोडा बदलून बघू." मला ते पटेना. जळणात गडबड असती तर वेगाचे आकडे इतके एकसारखे आले नसते.

सुभेदारसाहेब कागदाशी वाकून उभे होते. एका भोकावर अंगठा ठेवून त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मॅडम, हे भोक गोल नाहीये."

मी व्हर्नियर काढला. आडवं मोजलं तर साडेसहाच्या आसपास, उभं मोजलं तर साडेआठ. कडेला गोळी घासल्याची काळी रेघ होती, तीही एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पुसट. दुसरं भोक तसंच, फक्त तिरकं. तिसरंही. गोळी नाकासमोर जात नव्हती, डुलत जात होती. भोवरा पडायच्या आधी जसा कलंडत फिरतो तशी.

पोटात गोळा आला. गोळी सरळ राहते ती नळीतल्या आट्यांनी, म्हणजे आतल्या पीळदार खाचांनी, दिलेल्या फिरकीवर. ती किती लागते याचं जॉर्ज ग्रीनहिल यांचं १८७९ चं एक सोपं सूत्र आहे: व्यासाचा वर्ग करा, १५० ने गुणा, गोळीच्या लांबीने भागा. जितकं उत्तर येईल तितक्या अंतरात नळीने गोळीला एक पूर्ण फेरा द्यायला हवा. मी टार्गेटच्या कागदाच्या कोपऱ्यातच आकडेमोड केली. उत्तर १८५ मिमीच्या आसपास आलं. आमची बॅरल होती १० इंचाला एक फेरा, म्हणजे २५४ मिमी. हे जुनं सूत्र हात जरा राखूनच सांगतं, हे धरलं तरी फरक फार मोठा होता.

ही बॅरल आली कुठून? आमच्याच फायलीतून. प्रकल्पाची पहिली गोळी ३१ मिमीची होती, वजन ९ ग्रॅम. तिला १० इंचाचा फेरा अगदी बरोबर होता आणि त्याच हिशेबाने बॅरल मागवली होती. पुढे आम्ही नाक लांबवलं, शेपूट उतरतं केलं, पण वजन ९ ग्रॅमच ठेवलं. बदलाच्या तक्त्यात बॅरलपुढे मी स्वतः लिहिलं होतं: 'गोळीचं वजन तेच, बदल नाही.' फिरकी मागते ती लांबी, वजन नव्हे. लांबी साडेपाच मिमीने वाढली होती आणि तक्त्यात लांबीचा रकानाच नव्हता. काडतूस गोळीपासून आखलं म्हणून मला जो अभिमान होता, तो नळीच्या तोंडाशी येऊन थांबला होता. नळी अजून जुन्याच गोळीची होती.

परत जायचं का, असा प्रश्न निघाला. मी म्हटलं, नाही, थांबू या. हवा तापली की विरळ होते आणि विरळ हवेत गोळीला तोल सांभाळणं सोपं जातं. दुपारी काय होतं ते बघायचं होतं. मधल्या वेळात डबे उघडले. सुभेदारसाहेबांनी घरून तिळाच्या वड्या आणल्या होत्या. मला एकसुद्धा गिळवली नाही.

अडीच वाजता ३१ अंश होते. त्याच बॅरलमधून, त्याच पेटीतल्या दहा फैरी. यावेळी भोकं जवळजवळ गोल, आणि सगळी बांगडीत मावतील अशी. आमच्यातल्या धाकट्या इंजिनिअरने टाळीच वाजवली. "मॅडम, जमलं की!"

तिचा चेहरा बघून मला वाईट वाटलं, पण जमलेलं नव्हतं. मिलर यांच्या नंतरच्या, जास्त बारकाव्याच्या सूत्राने मी हिशेब केला होता. स्थिरतेचा अंक सकाळी एकच्या काठावर होता आणि दुपारी एकच्या थोडा वर. हवा असतो दीड. मी पाचशे मीटरवर गोळ्या सोडायला सांगितल्या. गट बरा आला, पण गणितापेक्षा चार बोटं खाली. नळीच्या तोंडाशी वेग पूर्ण होता, म्हणजे वाटेत हवेने जास्त खाल्ला होता. किंचित डुलणारी गोळी आपलं अंग हवेला दाखवते. ज्या निमुळतेपणासाठी एवढा खटाटोप केला, तोच अशाने वाया जातो आणि गोल भोक बघून कुणाला शंकाही येत नाही. आम्ही जर मे महिन्यात ट्रायल घेतली असती, तर ही बॅरल पास होऊन गेली असती. अजूनही तो विचार आला की मला झोप लागत नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत कुणीच फारसं बोललं नाही. ऑफिसात पोचल्यावर मी त्याच रात्री तक्त्यात लांबीचा रकाना घातला आणि 'बदल नाही'च्या ओळीवर माझ्या सहीनिशी रेघ मारली. ८ इंचाला एक फेरा, म्हणजे २०३ मिमीच्या बॅरलची मागणी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. खर्चाबद्दल जे ऐकून घ्यायचं होतं ते ऐकून घेतलं.

नवी बॅरल फेब्रुवारीच्या शेवटी आली. आम्ही मुद्दाम पहाटेचीच वेळ मागून घेतली. तापमान १३ अंश. सुभेदारसाहेबांनी दहा फैरी सोडल्या, रायफल खाली ठेवली आणि आमची वाट न बघता एकटेच टार्गेटकडे चालू लागले. मी मागोमाग गेले. ते प्रत्येक भोकावर अंगठा फिरवत होते, एकेक करत. दहावं झाल्यावर त्यांनी खिशातून तिळाच्या वडीची पुडी काढली.

"आता खा," म्हणाले.