तुम्ही विचारलंत म्हणून : लसींमुळं झाली का हो शुगर?

परवा रंकाळ्यावर शाळेतली मैत्रीण भेटली. लेकीची चौकशी झाली आणि मग आवाज खाली आणून तिनं विचारलंच, "अगं, लहानपणी एवढ्या लसी टोचल्या, त्यानं तर नसेल ना झालं?" तीन वर्षांत हे कितीजणांनी विचारलं, मोजायचं सोडून दिलंय.

लेकीला तेराव्या वर्षी टाइप वन मधुमेह निघाला. ऐन उन्हाळा होता, त्यामुळं ती तांब्यावर तांब्या पाणी प्यायची त्याचं काही वाटलं नाही. रात्री चार-चारदा उठायची. शाळेचा स्कर्ट ढिला झाला तेव्हा मी मुकाट्यानं हूक आत घेतला. म्हटलं, उंची वाढतीय. आधी दाखवलं त्या दवाखान्यात अशक्तपणाचं टॉनिक मिळालं. बोट टोचून साखर बघायला मिनिटसुद्धा लागत नाही, तेवढं कुणी केलं नाही. चौथ्या दिवशी धाप लागली, तोंडाला पिकल्या फळासारखा वास यायला लागला, आणि आम्ही थेट आयसीयूत.

त्या रात्री कपडे न्यायला घरी आले आणि आधी काय शोधलं, तर तिचं लसीकरणाचं कार्ड. घड्यांवर चिकटपट्टी लावलेलं. जन्मल्यावर बीसीजी, दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना त्रिगुणी आणि पोलिओ, नवव्या महिन्यात गोवर. एकेका तारखेवर बोट ठेवून बघत बसले, की ही का ती? म्हणजे तुमच्याआधी मीच विचारलंय हे.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मारत सुटते. का, ते पुरतं कळलेलं नाही. थोडं अंगच्या जनुकांत असतं, थोडं बाहेरचं. पण हे एका रात्रीत होत नाही. पुष्कळ मुलांच्या रक्तात त्याच्या खुणा पहिल्या दोन-तीन वर्षांतच दिसू लागतात आणि तहान लागते ती वयात येताना. लसीही त्याच दोन-तीन वर्षांत. संशय येणारच.

म्हणून तर तो तपासला गेला. डेन्मार्कमध्ये 1990 ते 2000 या काळात जन्मलेल्या 7 लाख 39 हजारांवर मुलांच्या नोंदी पाहिल्या. 681 जणांना टाइप वन झाला होता. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत फरक सापडला नाही. मी ज्या ओळीवर अडखळले ती पुढची होती: भावाला किंवा बहिणीला आधीच मधुमेह आहे, अशा मुलांतही लसीचा संबंध दिसला नाही. 2004 साली हे छापून आलं. उलट आईला गरोदरपणात रुबेला झाला, तर पोटातल्या बाळाला पुढं मधुमेहाचा धोका वाढतो, हे मात्र जुनं ठाऊक आहे. आणि रुबेलाची तर लस आहे! 2018 च्या गोवर-रुबेला मोहिमेत आमच्या गल्लीतल्या काही जणींनी त्या दिवशी पोरांना शाळेलाच पाठवलं नव्हतं.

खरं सांगू? "लसीमुळं का" हे विचारतात त्यात मला कधीकधी "तू काय चुकलीस" असंही ऐकू येतं. चुकले मी. तो हूक आत घेतला तिथं.

धाकट्याला दहा पूर्ण झाले. धनुर्वात-घटसर्पाची लस राहिली होती. जाऊबाई म्हणाल्या, "एवढी एक राहू दे बाई, घरात एक झालंय ते पुरे." भावंडाला धोका इतरांपेक्षा जास्त असतोच, शंभरात पाचेक जणांना होतो, पण तो लसीचा नव्हे. घेऊन गेले. सुई बघून त्यानं दवाखाना डोक्यावर घेतला. लेक शेजारी बसली होती. म्हणाली, "गप ए, मी दिवसातनं चार वेळा घेतीय."