किलोवरच्या चिंध्या

मी चिंध्या विकत घेते. किलोवर. ओळख करून द्यायची वेळ आली की हेच वाक्य आधी तोंडात येतं, आणि समोरच्याला घाई आहे की फुरसत, ते लगेच कळतं. घाईतला माणूस ‘अच्छा, अच्छा’ म्हणतो. फुरसतीतला विचारतो, कसल्या चिंध्या?

टॉवेलच्या. चादरीच्या. सोलापुरात चिंध्यांना काय तोटा! पूर्व भागात अशोक चौकाच्या आसपास कुठल्याही बोळात शिरा, घराघरातून मागाची खटखट ऐकू येते. खाली माग, वर बिऱ्हाड. आमच्या गल्लीत शांतता झाली याचा अर्थ लाइट गेली. खटखटीत गाढ झोपलेली तान्ही पोरं तेव्हा दचकून उठतात. या मागांवरून उतरलेला माल कापताना कडेचं, टोकाचं, डाग पडलेलं, वीण चुकलेलं जे उरतं ते पोत्यात जातं. बरीचशी पोती गॅरेजवाल्यांकडं आणि मशिनी पुसायला जातात. एखादं माझ्याकडं येतं. त्याच्या मी पिशव्या करते, बाळांची दुपटी करते, गोधड्या करते. गल्लीत मला पिशवीवाल्या काकू म्हणतात. खरं नाव पोस्टमनला ठाऊक आहे.

टॉवेलचं कापड दिसायला गरीब, शिवायला महाद्वाड. त्याला ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे संच, दोन असतात, एक ताठ आणि एक ढिला. विणताना ढिल्या ताण्याचे फास वर उभे राहतात आणि तेच फास पाणी टिपतात. माणसाचं अंग पुसायला ही रचना उत्तम. शिलाई मशीनच्या पायाला मात्र हे फास नेमके अडकतात, आणि बॉबिनच्या डबीत कापसाची फू साठते ती निराळीच. यावर तोडगा सोपा आहे. कापडावर पातळ कोरा कागद ठेवायचा, कागदासकट शिवायचं, मग कागद टरटर फाडून काढायचा. वर्तमानपत्र चालत नाही, शाई लागते. त्यामुळे घरातल्या जुन्या वह्यांची कोरी पानं माझ्या नावावर असतात. फाडायचं काम शेजारची पोरं हौसेनं करतात. त्याचा मोबदला शेंगाचटणी-भाकरी. (शेंगाचटणी उखळातच कुटावी, मिक्सरमध्ये फिरवू नये, हे मी सांगितल्याशिवाय राहणार नाही, ओळखीत स्वभावही यायला हवा.)

चिंध्या आल्या की आधी कढत पाण्यात बुडवते. आटायचं तेवढं आटतं, रंग सोडायचा तो तिथंच सोडतो. तांबडा आणि जांभळा हे दोन रंग कधीच भरवशाचे नाहीत. आता आमच्या भागात नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांआड, म्हणजे माझं कारागिरीचं वेळापत्रक माझ्या प्रतिभेवर नाही, नळावर अवलंबून आहे. पाण्याच्या दिवशी अख्खी गल्ली भांडी, घागरी, पिंपं भरत असते, आणि माझ्या गच्चीवर पन्नास रंगांच्या पट्ट्या वाळत असतात. समोरच्या अक्का तेलुगूत काहीतरी म्हणतात आणि हसतात. मला तेलुगू तेवढं येतं.

चादरीची गंमत मात्र वेगळी. सोलापुरी चादर उलटून पाहिलीत कधी? समोर तांबड्यावर पांढरा मोर असेल तर मागं पांढऱ्यावर तांबडा मोर असतो. नक्षी तीच, रंगांची अदलाबदल. माझ्या निम्म्या गोधड्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत. एकाच चिंधीचे चौकोन कापायचे आणि एकाआड एक उलटे लावायचे. पाहणाऱ्याला वाटतं दोन कापडं आहेत. अशी फसवणूक करायला मला फार आवडतं.

ही नक्षी मागावर येते ती जेकार्ड नावाच्या यंत्रामुळं. माळेसारखे एकमेकांना बांधलेले पुठ्ठे असतात, त्यांना भोकं पाडलेली. भोक असेल तिथला हूक वर उचलला जातो, त्याच्यासोबत ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तिथला धागा खालीच राहतो. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा एकदा फिरला की पुढचा पुठ्ठा. फ्रान्समधल्या जॅकार नावाच्या माणसानं १८०४ च्या सुमारास ही युक्ती मागावर बसवली. पुढं इंग्लंडात चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात हेच भोकांचे पुठ्ठे घेतले. माझी लेक पुण्याला, हिंजवडीत, कॉम्प्युटरवर काम करते. तिला मी सांगते, तुझ्या नोकरीचं मूळ आपल्या गल्लीत आहे. ती म्हणते, आई, ते फ्रान्समध्ये आहे.

अक्कांच्या घरी एक जुनी नक्षी बाद झाली तेव्हा तिचे पुठ्ठे त्यांनी मला दिले. मी एकेक पुठ्ठा पिशवीवर ठेवते, भोकांतून खडूचे ठिपके पाडते आणि त्यांवर गाठीचे टाके घालते. एक पुठ्ठा म्हणजे नक्षीची फक्त एक ओळ, त्यामुळे पिशवीवर मोर उमटत नाही, फूल उमटत नाही, नुसते ठिपके दिसतात. गिऱ्हाइकांना ते मॉडर्न वाटतं. एका प्रदर्शनात मात्र एक म्हातारे गृहस्थ थांबले. पिशवी हातात घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून, बराच वेळ बोट फिरवत राहिले आणि म्हणाले, ‘‘याच्या पुढचा पुठ्ठा कुठाय?’’ हयात मागावर गेली असणार. पुढच्या पुठ्ठ्याची पिशवी आधीच विकली गेली होती. त्यांना हे पटलं नाही. नक्षीचा माल असा सुटा विकतात का, म्हणाले.

लोक विचारतात, काकू, ही आवड तुम्हाला कुठून लागली? प्रश्न पुण्या-मुंबईचा आहे. आमच्याकडं बाईच्या हाताला काम लागतं, आवड नाही. आणि लागलेलं काम मोजून लागतं. मागासाठी सुताच्या कांड्या भरणारीला वजनावर पैसे, विडी वळणारीला हजारावर. सोलापुरात हजारो बायका विड्या वळतात. कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. २००६ साली तिथल्या घरांच्या चाव्या मिळाल्या तेव्हा आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणी भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या उंबऱ्यात गेल्या. शहरात गिरण्यांचं राज्य होतं तेव्हा पुरुष भोंग्यावर चालत. बायका तेव्हाही मोजणीवरच चालत आणि भोंगे थांबल्यावरही.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यातल्याच. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात पहिला वास आला तो तंबाखूचा. भिजवलेला तेंदूपत्ता ओल्या फडक्यात, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पत्र्याच्या मापावर पान कापायचं, तंबाखू घालून वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. पंचवीस विड्यांचा कट्टा. बोलणं, रागावणं, भाजीवाल्याशी घासाघीस, सगळं चालू, बोटं थांबत नसत आणि मोजणी चुकत नसे. माल द्यायला गेलं की तपासणारा पसंत नसलेल्या विड्या छाट म्हणून बाजूला काढायचा. त्या छाट विड्यांचा राग आत्याबाई घरी येऊन कणकेवर काढत. पोळ्या त्या दिवशी फार मऊ व्हायच्या.

अशा घरात मी एके दुपारी चिंध्या घेऊन बसले. कुणी सांगितलेलं नाही, कुणी मोजणार नाही, कुणी छाट काढणार नाही. आत्याबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. ‘‘काय करलालीस गं?’’ पिशवी, म्हटलं. ‘‘कुणाची?’’ कुणाचीच नाही. यावर त्यांच्याकडं बोलायला काही नव्हतं. त्या आत गेल्या आणि भांडी जरा जोरात घासू लागल्या.

माझी चैन कोणती असं मला कुणी विचारलंच, तर हीच. सोनंनाणं नाही, फिरणं नाही. न मोजता हात चालवायला मिळणं. चाटी गल्लीत एखाद्या दुकानात खणाचा उरलेला तुकडा मिळाला तर तो चार दिवस नुसता उशाशी ठेवायचा, कशाला लावायचा ते ठरवायची घाई करायची नाही. जुन्या इरकलीचा टोपपदर कुणी आणून दिला तर त्याला कात्री लावण्याआधी दोनदा चहा प्यायचा. संध्याकाळी कंबर तलावावर जायचं आणि लोकांच्या साड्यांचे काठ बघायचे. (लोकांना वाटतं मी पक्षी बघते.)

अर्थात विकायला गेलं की मोजणी येतेच. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, आणि थंडी म्हणावी तर संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेपुरती. अशा गावात जाड चादरी आणि गोधड्या का करतात हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. तरी लोक घेतात. भाव ऐकला की म्हणतात, ‘‘घरीच बसून करता ना, मग एवढे कसे?’’ घरी बसून केलेल्या कामाला घरभाड्याइतकाही मान नाही. पूर्वी मी समजावत बसायचे. आता गोधडी उलटी करून देते आणि म्हणते, मागची बाजू बघा. धावदोरा दोन्हीकडून सारखा दिसला की निम्मी भांडणं मिटतात. उरलेली निम्मी माणसं घेणारी नसतातच.

आत्याबाईंनी आता विडी सोडली आहे. डोळे आणि खोकला, दोन्हींनी सुट्टी दिली. पण हात ऐकेनात. एक दिवस माझ्या अंथरलेल्या गोधडीच्या कडेला येऊन बसल्या, न विचारता सुई ओवून घेतली आणि काठापासून आत धावदोरा घालत निघाल्या. टाका इतका बारीक आणि सरळ, की माझा शेजारी ठेवायची मला लाज वाटावी. थोडं अंतर गेलं की त्या लाल दोऱ्याची एक गाठ मारत आणि पुढं जात. मी निरखून पाहिलं. दर पंचवीस टाक्यांना एक गाठ. मी काही बोलले नाही. आता घरातल्या सगळ्या गोधड्यांवर या लाल गाठी असतात, ओळीनं, सारख्या अंतरावर, आणि नेमक्या त्याच लोकांना आवडतात.

परवा पुण्याच्या एका बाईंचा फोन आला. दहा गोधड्या हव्यात, लाल गाठींच्याच, भावाचं काय ते बोलू. मी आनंदानं आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी सुई टोचून ठेवली, चष्मा काढला.

‘‘एका गोधडीला टाके किती बसतात?’’

मोजले नाहीत, म्हटलं.

‘‘न मोजताच देलालीस व्हय?’’ त्या म्हणाल्या. ‘‘आदी त्या बाईला विचार, हजाराला किती देणार.’’