ठमीची नसबंदी आणि सक्तीचा कायदा

पाळीव कुत्र्यामांजरांची नसबंदी कायद्याने सक्तीची करावी, अशी मागणी इंदूरच्या आमच्या लोकमान्य नगरात सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत अधूनमधून निघते, आणि तिला दुजोरा देणाऱ्यांत मीही असे. अलीकडे आमच्या ठमी या कुत्रीच्या निमित्ताने ही सगळी प्रक्रिया मला स्वतःला पार पाडावी लागली. नसबंदी हवी याविषयी माझी खात्री त्यामुळे वाढलीच. पण ती सक्तीची करायची तर नेमकी कोणावर आणि कोणत्या क्रमाने, याचा विचार मात्र मी प्रथमच नीट केला.

ठमी देशी आहे. रामबागेकडच्या एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या जिन्याखालून माझ्या मुलाने तिला उचलून आणली. ती वर्षाच्या आत माजावर आली, आणि पुढचे जवळजवळ तीन आठवडे आमच्या फाटकाबाहेर दिवसरात्र कुत्र्यांचा पहारा बसला. दूधवाल्याला आत यायचे झाले तर माझ्या यजमानांना हातात काठी घेऊन बाहेर जावे लागे. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते आणि तिचा गर्भकाळ जेमतेम 63 दिवसांचा असतो. त्यामुळे एखाद्या दुपारी फाटक उघडे राहिले तरी काय होऊ शकते, हे सांगायला नको. माज ओसरताच मी तिला घेऊन दवाखाना गाठला.

तेथील डॉक्टरीणबाई महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून आलेल्या, बोलायला मोकळ्या, पण घाई न करणाऱ्या होत्या. त्यांनी त्या दिवशी शस्त्रक्रियेची तारीख दिलीच नाही. माजाच्या काळात आणि त्यानंतर काही आठवडे गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या भरलेल्या असतात, अशा वेळी कापले तर रक्तस्राव अधिक होण्याची भीती असते, म्हणून तातडीचे कारण नसेल तर दोन-तीन महिने थांबावे, असे त्यांचे म्हणणे होते. थांबलो.

त्या मुदतीनंतर भूल देण्यापूर्वीची रक्ततपासणी झाली. यकृत आणि मूत्रपिंड ठीक होते, पण प्लेटलेट फार कमी निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी ठमीच्या कानाच्या आतली घडी उलटून दाखवली, तर तेथे बारीक गोचीड चिकटलेले होते. आपल्याकडच्या कुत्र्यांत गोचिडांमधून पसरणारा, एर्लिकिया या जिवाणूंमुळे होणारा आजार सर्रास आढळतो. त्यात प्लेटलेट घटतात, आणि वरवर कुत्रे खातेपिते, हुंदडते. अशा अवस्थेत पोट उघडले असते तर रक्त थांबवणे अवघड झाले असते. मग डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा सुमारे चार आठवड्यांचा उपचार सुरू झाला. गोळी दह्यादुधातून देऊ नका, त्यातल्या कॅल्शियममुळे औषध नीट शोषले जात नाही, अशी सूचना होती, आणि आमच्या घरी तर सगळ्या कडू गोष्टींवरचा उपाय दहीच. शेवटी मऊ भाताच्या मुटक्यात गोळी दडवायची आणि ठमीने भात खाऊन गोळी जमिनीवर शाबूत ठेवली की पुन्हा नवा मुटका वळायचा, असा क्रम बसला.

या थांबण्याच्या काळातच मी इतर देशांतले कायदे वाचू लागले. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराने 2008 साली चार महिन्यांवरील कुत्र्यामांजरांची नसबंदी सक्तीची केली. दक्षिण ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2018 नंतर जन्मलेल्या कुत्र्यामांजरांसाठी सहा महिन्यांची मर्यादा आहे. दोन्ही ठिकाणी प्रजननाचा परवाना असलेल्यांना आणि वैद्यकीय कारण असलेल्या प्राण्यांना सूट मिळते. म्हणजे आमच्या ठमीला अशा कायद्याखाली आधी माजामुळे आणि मग प्लेटलेटमुळे, अशी लागोपाठ सूट मागावी लागली असती, आणि प्रत्येक वेळी एका पशुवैद्यकाने वेळ काढून दाखला लिहून दिला असता. ज्या दवाखान्यात एक डॉक्टर, एक मदतनीस आणि बाकावर दाटीवाटीने बसलेले दहा-बारा मालक असतात, तेथे दाखल्यांचे हे काम कधी करायचे, याचे उत्तर कायदा लिहिणाऱ्याने आधी द्यायला हवे.

वयाचा प्रश्नही मला वाटला होता तितका सरळ नाही. माझ्या भाच्याकडे गोल्डन रिट्रीव्हर आहे. या जातीवर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2013 साली अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यात वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या कुत्र्यांत सांध्यांचे विकार अधिक आढळले. लहान चणीच्या जातींत असा परिणाम नंतरच्या अभ्यासात सहसा दिसला नाही. स्तनांच्या गाठींविषयी जे आकडे दवाखान्यांतून नेहमी सांगितले जातात, म्हणजे पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर धोका अर्धा टक्का, एका माजानंतर आठ आणि दुसऱ्यानंतर सव्वीस, ते 1969 च्या एका अभ्यासातले आहेत, आणि हा पुरावा फारसा भक्कम नाही असे 2012 च्या एका आढाव्यात म्हटले आहे. उलट गर्भाशयात पू होण्याचा आजार खराच मोठा आहे. स्वीडनमधल्या विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदींनुसार नसबंदी न झालेल्या माद्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाला दहा वर्षांच्या वयापर्यंत तो होतो. ठमीच्या बाबतीत माझा निर्णय याच एका गोष्टीने पक्का केला. पण सगळ्या जातींना, नराला आणि मादीला, एकच महिना ठरवून देणारा कायदा मला या वाचनानंतर पटेनासा झाला.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचे होते. सकाळी संमतीपत्रावर सही केली. भुलेत जिवाला धोका होऊ शकतो, हे वाक्य त्यात ठळक अक्षरात होते आणि मदतनीसाने ते मला मोठ्याने वाचायला लावले, हे मला आवडले. पुढच्या पायावरचे केस मशीनने काढून तेथे सुई बसवली, इंजेक्शन दिले, आणि माझ्या हातावर टेकलेले ठमीचे डोके हळूहळू जड होत गेले. "आंटीजी, अब आप बाहर बैठिए," असे मदतनीस म्हणाला. आम्ही बाहेर बसलो.

नंतर डॉक्टरीणबाईंनी स्टीलच्या ट्रेमध्ये काढलेले अवयव दाखवले. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, गुलाबी, ओल्या अशा दोन लांबट नळ्या एका टोकाला जोडलेल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या दुसऱ्या टोकाला भिजलेल्या चवळीच्या दाण्याएवढा बीजांडकोश होता. मादीच्या शस्त्रक्रियेत पोट उघडून या दोन्ही बीजांडकोशांच्या रक्तवाहिन्या घट्ट बांधाव्या लागतात, आणि ती गाठ सैल पडली तर आतल्या आत रक्तस्राव होतो. नराचे काम याहून सोपे आणि कमी वेळाचे असते. आपल्याकडे मात्र नसबंदीचा विषय निघाला की मादीचाच निघतो. नराच्या मालकांना, विशेषतः पुरुष मालकांना, तो स्वतःचा अपमान का वाटतो हे मला कधी उमगलेले नाही.

घरी आल्यावर ठमी थरथरत होती, म्हणून तिला चादरीत गुंडाळून ठेवले. गळ्यात घालायचा प्लॅस्टिकचा कर्णा तिने दाराच्या चौकटीवर आपटून मोडला. तेव्हा मुलाच्या जुन्या बनियनला पायांसाठी भोके पाडून, पाठीवर गाठ मारून, टाके झाकले. दोन आठवड्यांच्या आत टाके निघाले. नसबंदीनंतर कुत्र्याची भूक तशीच राहते किंवा वाढते, पण गरज घटते, त्यामुळे तिचे जेवण सुमारे पाव हिश्शाने कमी केले आहे, आणि त्यावर ती अजून नाराज आहे.

तपासण्या, औषधे आणि शस्त्रक्रिया धरून खर्च दहा हजारांच्या घरात गेला. आम्हाला तो झेपला. आमच्याकडे धुणेभांडी करायला येणाऱ्या बाईंच्या घरीही एक कुत्री आहे. ती त्यांच्या दारात झोपते, त्यांच्या मुलांच्या हातचे खाते आणि उरलेला दिवस वस्तीत हिंडते. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही 2023 च्या केंद्रीय प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. कुत्रे पकडायचे, शस्त्रक्रिया करायची, कानाला खूण करायची आणि मूळ जागी परत सोडायचे. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशातही, पिसाळलेली किंवा आक्रमक कुत्री वगळता, हेच तत्त्व कायम ठेवले. पण त्याच नियमांनुसार पाळीव प्राण्याची नसबंदी आणि लस ही मालकाची जबाबदारी आहे. बाईंच्या कुत्रीच्या गळ्यात लाल पट्टा आहे, म्हणजे ती पाळीव. उद्या नसबंदी सक्तीची होऊन दंड लागू झाला, तर बाईंना सर्वांत स्वस्त पडणारा मार्ग कोणता? पट्टा काढायचा. पट्टा काढला की कुत्री रस्त्याची झाली आणि बाई कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्या. दारातले झोपणे आणि हातचे खाणे तसेच चालू राहील, फक्त रेबीजची लस देण्याची जबाबदारी मग बाईंची उरणार नाही, ती स्थानिक संस्थेवर जाईल.

म्हणून माझे म्हणणे असे की, सक्ती करायचीच तर आधी नोंदणीची आणि रेबीजच्या लसीची करावी, ती स्वस्त ठेवावी, आणि पाळीव कुत्र्यांसाठीही सरकारी दराने शस्त्रक्रिया होतील असे दवाखाने पुरेशा संख्येने उभे राहिल्यावरच नसबंदीच्या दंडाची भाषा करावी. वय आणि वेळ पशुवैद्यकाने ठरवावी. अमेरिकेतील पशुवैद्यकांची राष्ट्रीय संघटना नसबंदीचा पुरस्कार करते, तरी घरगुती प्राण्यांवरच्या सरसकट सक्तीला पाठिंबा देत नाही, आणि त्यामागचे एक कारण हेच आहे की भीतीपोटी मालक दवाखान्यातच येईनासे होतात. ज्याला आपल्या कुत्रीची पिल्ले हवी आहेत त्याच्यावर मात्र आजपासून नोंदणीची कडक सक्ती व्हावी. त्यासाठी नवा कायदाही लागत नाही; 2017 च्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे, आणि आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही.

आमच्याच गल्लीत एका काकांची लॅब्रेडोर मादी आहे. मादीला एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, तिच्या प्रकृतीला बरे असते, असे ते सांगतात. याला वैद्यकीय आधार नाही हे डॉक्टरीणबाईंनी त्यांना माझ्यासमोर सांगितले आहे. तिची आजवर तीन वेतं झाली. मी 2017 च्या नियमांचा विषय काढला तेव्हा, "अहो वहिनी, आम्ही काय धंदा करतो का, ओळखीपाळखीत देतो," असे ते म्हणाले. मागच्या वेळचे एक पिल्लू देवासला आणि दोन उज्जैनला गेली, तिन्ही पैसे घेऊन, आणि डोळे नीट उघडून फार दिवस झालेले नव्हते.