दोऱ्याने शिवलेल्या कविता

सध्या मला एका गोष्टीचं प्रचंड वेड लागलंय. हाताने शिवलेल्या, छोट्या कवितांच्या पुस्तिका, ज्यांना चॅपबुक म्हणतात. पुण्यात एका छोट्या काव्यवाचनाला गेले होते, तिथे कवयित्रीने स्वतःच बनवलेल्या पुस्तिका विकायला ठेवल्या होत्या, मी एक घेतली आणि तिथून हे सुरू झालं.

पुस्तिका बनते कशी ते आधी सांगते, कारण मला तेच सगळ्यात आवडलंय. ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात, असे चार कागद एकात एक घातले की सोळा. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडायची, मधल्या भोकातून सुई घालायची, दोन्ही टोकांना फिरवून दोरा परत मध्येच आणायचा आणि गाठ मारायची, झालं पुस्तक! छापताना मात्र नीट बघावं लागतं कारण कागदावर पहिलं पान सोळाव्याच्या शेजारी येतं, दुसरं पंधराव्याच्या, बेरीज कायम १७. आणि पानं चारच्या पटीतच वाढतात, म्हणून कवीला निवडावंच लागतं. चाळीस कविता असल्या तरी दहा-बाराच घ्यायच्या, त्यातली कुठली अगदी मधे, जिथे दोरा दिसतो तिथे उघडायची हेही ठरवायचं. जाड संग्रहात इतका विचार क्वचित जाणवतो मला.

वाचनाचंही तसंच. करंदीकर, बापट, पाडगावकर गावोगावी एकत्र काव्यवाचन करायचे, हे जुन्या पिढीकडून आपण ऐकलेलं असतं, पण पंचवीस-तीस खुर्च्यांच्या खोलीत माइकशिवाय कविता ऐकणं वेगळंच आहे, ओळ कुठे तुटते ते कवीच्या श्वासावरून कळतं, आणि हातात पुस्तिका असेल तर त्याच जागी कागदावरही ओळ तुटलेली दिसते. टाळ्यांसाठी मधे थांबणारी कविता मला खरंच सहन होत नाही. इथे कविता संपल्यावर लोक काही क्षण गप्प बसतात, मग कुणीतरी म्हणतं परत वाचा ना, आणि परत वाचतात!

मराठीत हे काही नवीन नाही बरं का. १९५०च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे लघुनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलं. म्हणजे रिबन काढून टाइपरायटरने मेणकागदावर अक्षरं कोरायची, रोलरवरून शाई त्या भोकांतून कागदावर उतरवायची. असा एक मेणकागद, म्हणजे स्टेन्सिल, मर्यादितच प्रती देणार. वसंत गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ही कविता तर प्रकाशक अशोक शहाण्यांनी पोस्टर म्हणून छापली, आणि पुढे तिच्यावरचा खटला थेट सुप्रीम कोर्टात गेला! कुणा मोठ्या प्रकाशकाच्या होकाराची वाट न बघता कविता लोकांपर्यंत न्यायची, ही आपल्याकडची जुनीच हिंमत आहे आणि आताची ही शिवणारी मुलंमुली तेच करतायत असं मला मनापासून वाटतं.

म्हणून एक विनंती. घरी कुणाच्या कपाटात असे जुने अंक, पुस्तिका असतील तर प्लीज रद्दीत देऊ नका. स्टेपलच्या पिना गंजून कागद खातात, त्या हळूच काढा आणि घडीत दोरा घाला, आणि फोनवर का होईना पण पानं स्कॅन करून ठेवा.