तीनशेच्या वेगानं आणि मग पॅसेंजरनं

स्पेनमध्ये माद्रिदहून क्वेंकाला आम्ही हायस्पीड रेल्वेनं तासाभराच्या आतच पोहोचलो. पण उतरलो ते उघड्या माळावर. चित्रकार फर्नांदो झोबेल यांच्या नावाचं नवं स्थानक, लांबलचक फलाट, स्वच्छ काचा, आणि समोर गावाचा पत्ता नाही. गाव काही किलोमीटरवर, टेकड्यांच्या आड. आमच्याबरोबर उतरलेली माणसं न्यायला आलेल्या गाड्यांतून भराभर निघून गेली. मी आणि ताई बसथांब्यावर वाऱ्यात उभ्या राहिलो.

"गाडीतली मिनिटं आणि बसची मिनिटं वेगळी लिहू," ताई म्हणाली आणि तिनं पर्समधून छोटी वही काढली.

ताईनं आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. मोठ्या शहरांदरम्यान हायस्पीड रेल्वे झालीच पाहिजे, हे तिचं ठाम मत. मी वर्षानुवर्षं तिच्याशी यावर भांडत आले आहे. अमुक इतक्या पैशांत किती साध्या गाड्या सुधारतील, हा माझा मुद्दा. शेवटी तीच म्हणाली, "वाद घालायचाच तर त्या गाडीत बसून घालू." स्पेन निवडला कारण चीन वगळता इतकं मोठं हायस्पीड जाळं दुसऱ्या कुठल्याच देशात नाही. चार हजार किलोमीटरच्या आसपास. तिथे या रेल्वेचं चांगलं आणि वाईट, दोन्ही शेजारीशेजारी दिसतं.

क्वेंका बघायला लोक जातात ते दरीवर लटकणारी घरं पाहायला. आम्हीही ती पाहिली, आणि कड्याच्या टोकावरचे ते लाकडी सज्जे बघताना खरंच श्वास थांबतो. पण माझं मन होतं ते खालच्या गावातल्या जुन्या रेल्वे स्थानकात. ते वस्तीच्या मधोमध आहे. घरातून निघावं आणि चालत फलाटावर पोहोचावं असं. माद्रिद ते व्हॅलेन्सिया ही जुनी लाईन इथून जायची. गाडीला माद्रिदहून इथवर तीनेक तास लागायचे, पण पुढे व्हॅलेन्सियाकडे जाताना ती कार्बोनेरास, काम्पोरोब्लेस अशा लहान लहान गावांना थांबत जायची. डिसेंबर २०१० मध्ये हायस्पीड मार्ग सुरू झाला. जुलै २०२२ मध्ये जुन्या लाईनवरची प्रवासी वाहतूक बंद झाली आणि त्या गावांना बस मिळाली.

"बघ," मी म्हणाले. "एक गाडी आली आणि दुसरी गेली."

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण ती आधीच मरायला टेकली होती ना? तीन तास लागणाऱ्या गाडीत कोण बसणार? लोक मोटारीनं जायला लागले होते. रूळ वेळच्या वेळी सुधारले असते तर ती दीड-पावणेदोन तासांत आली असती आणि टिकली असती. दोष नव्या गाडीचा नाही, जुनीकडे पाठ फिरवणाऱ्यांचा आहे." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माद्रिदच्या अतोचा स्थानकावरून बार्सिलोनाची गाडी धरली. लोखंडी कमानींचा १८९२ सालचा जुना हॉल आता गाड्यांसाठी नाही. तिथे ताडामाडांची घनदाट बाग आहे, आणि गाड्या सुटतात त्या मागच्या नव्या भागातून. सामान तपासणीच्या पट्ट्यावरून जातं, फलाट गाडी सुटायच्या थोडा वेळ आधी उघडतो. ताईनं तीही मिनिटं लिहिली.

इथल्या हायस्पीड गाडीला 'आवे' म्हणतात. 'स्पॅनिश अतिवेग' अशा अर्थाच्या तीन शब्दांची ती आद्याक्षरं आहेत, आणि स्पॅनिशमध्ये आवे म्हणजे पक्षी. पहिली आवे १९९२ च्या एप्रिलमध्ये माद्रिद ते सेव्हिल धावली, सेव्हिलच्या जागतिक प्रदर्शनाच्या मुहूर्तावर. स्पेनची जुनी रेल्वे रुंद रुळांची, १६६८ मिलिमीटरची. नव्या मार्गासाठी मात्र युरोपात बहुतेक ठिकाणी चालणारे १४३५ मिलिमीटरचे रूळ टाकले. या एका निर्णयामुळे स्पेन उद्या फ्रान्सशी जोडला जाणार हे ठरलं, आणि त्याच दिवशी देशात एकमेकींशी न जुळणाऱ्या दोन रेल्वे तयार झाल्या.

त्यावर त्यांनी काढलेली तोड ताईला फार आवडते. गाडी एका शेडमधून संथपणे पुढे सरकते आणि सरकता सरकताच तिच्या चाकांमधलं अंतर बदलतं. माणसं आत बसलेली, काहींना कळतही नाही. अशी गाडी अर्धा प्रवास नव्या रुळांवर वेगानं करते आणि मग जुन्या रुळांवर उतरून लहान शहरांपर्यंत पोहोचते. ताई म्हणते, सगळ्या स्पेनमध्ये सर्वांत शहाणपणाची वस्तू कुठली असेल तर ही शेड. मला पटतं. तीनशेचा वेग ज्याच्या दारापर्यंत येत नाही, त्यालाही त्यातला थोडा वाटा मिळतो.

गाडी सुटली. डब्याच्या टोकाला पडद्यावर वेग दिसत होता. २१०, २५५, २८०, ३००. रूळ सलग जोडलेले, त्यामुळे ओळखीचा खडखडाट नाही. खिडकीजवळचं काही दिसत नाही, लांबच्या टेकड्या मात्र शांतपणे फिरत राहतात. या वेगाला चालकाला रुळाशेजारचा सिग्नल वाचणं शक्य नसतं, म्हणून सगळे आदेश त्याच्या केबिनमध्येच उमटतात. ब्रेक लावल्यावर गाडी उभी राहायला काही किलोमीटर लागतात. वळणं इतकी मोठ्या त्रिज्येची की वळतोय हे जाणवत नाही. म्हणून तर मार्ग गावांना वळसा घालून जात नाही, डोंगर पोखरत आणि दऱ्या ओलांडत सरळ जातो. पैसा तिथेच जातो.

निघून अर्धा तासही झाला नव्हता. ग्वादालाहारा-येबेस स्थानक आलं आणि एका झटक्यात मागे पडलं. हे बघायचं म्हणून मी खिडकीला नाक लावून बसले होते. २००३ मध्ये ग्वादालाहारा शहराच्या बरंच बाहेर हे स्थानक बांधलं. शेजारी वाल्देलुस नावाचं तीस हजार लोकांचं नवं शहर आखलं. २००८ च्या मंदीत बांधकाम अर्ध्यावर थांबलं, आणि कित्येक वर्षं तिथे रस्ते होते, दिवे होते, माणसं नव्हती. आता थोडी वस्ती झाली आहे. ग्वादालाहाराचे लोक मात्र गावातल्या जुन्या स्थानकावरून लोकल पकडून माद्रिदला जातात. कारण ते स्थानक त्यांच्या घराजवळ आहे.

याच देशात सिउदाद रेआल आहे. १९९२ च्या त्या पहिल्याच मार्गावर हे मध्यम शहर आलं. स्थानक शहराला लागून. तिथून माद्रिदला तासाभरात पोहोचणाऱ्या, थांबत जाणाऱ्या वेगवान गाड्या पहिल्या वर्षापासून सुरू केल्या. लोक तिथे राहून रोज माद्रिदला नोकरीला जाऊ लागले, आणि माद्रिदचे प्राध्यापक तिथल्या विद्यापीठात शिकवायला येऊ लागले. रूळ तेच, तंत्र तेच. फरक स्थानकाच्या जागेचा आणि थांब्यांचा.

"थांबा दिला की वेळ जातो," ताई म्हणाली. तीनशेवरून शून्यावर यायचं, दोन मिनिटं उभं राहायचं, पुन्हा तीनशे गाठायचं. प्रत्येक थांब्यामागे सात-आठ मिनिटं. मग तिनं वहीत एक तक्ता काढला. सहाशे किलोमीटरचा प्रवास. ताशी १०० नं सहा तास. २०० नं तीन तास. ३०० नं दोन. ४०० नं दीड. "पहिल्या शंभरात तीन तास वाचले, दुसऱ्या शंभरात एक, तिसऱ्यात अर्धाच. आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तीनशेचे चारशे केले की तो पावणेदोन पटींच्याही वर जातो."

मी तिच्याकडे बघतच राहिले. हायस्पीड रेल्वेची बाजू घेणारी माझी बहीण स्वतःच्या हातानं माझा मुद्दा लिहीत होती.

"अगं, तुझा नाही," ती म्हणाली. "माझाच आहे. शंभरावरून दोनशे-अडीचशेवर जाणं हीच मोठी उडी. त्यापुढचा हट्ट नको."

मी टिपून आणलेली माहिती वाचून दाखवली. युरोपियन युनियनच्या लेखापरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात युरोपातले हायस्पीड मार्ग तपासले. जास्त खर्चाची बोगद्यांची कामं वगळूनही किलोमीटरमागे सरासरी अडीच कोटी युरो खर्च आला होता. आणि गाड्या धावत होत्या त्या मार्गाच्या आखणीतल्या वेगाच्या सरासरी ४५ टक्क्यांनी. जुने मार्ग सुधारण्याचा पर्याय अनेकदा पुरेसा तपासलाच नव्हता, असंही त्यांनी म्हटलं. ताईनं तो आकडा तक्त्याखाली लिहून घेतला.

सव्वा तासानं सारागोसा आलं. जवळजवळ मधोमध, माद्रिदहून तीनशेच्या थोडं पुढे. अर्धा डबा उतरला आणि तेवढाच चढला. समोर एक बाई आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन बसली. हातात बार्सिलोनाच्या दवाखान्याची कागदपत्रं होती. दीड तासात पोहोचू, संध्याकाळी परत, असं ती फोनवर कुणाला तरी सांगत होती. मी विमानाचा विचार केला. विमानतळावर जाणं, रांगा, बाहेर येणं, आणि त्या वडिलांची काठी.

माद्रिद ते बार्सिलोना हे ६२१ किलोमीटर. पूर्वी रेल्वेनं सहा-सात तास लागत, म्हणून लोक विमानानं जात. हा हवाई मार्ग जगातल्या सर्वांत गजबजलेल्या मार्गांपैकी एक होता. फेब्रुवारी २००८ मध्ये आवे बार्सिलोनाला पोहोचली आणि न थांबता जाणाऱ्या गाड्यांनी साधारण अडीच तासांत अंतर कापायला सुरुवात केली. २०२१ आणि २०२२ मध्ये याच रुळांवर दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या आल्या, तिकिटं उतरली. आज रेल्वे आणि विमान मिळून जे प्रवासी जातात, त्यातल्या पाचांपैकी चार रेल्वेनं जातात. इथे माझा विरोध संपला, आणि तो मनापासून संपला. इतकी मोठी दोन शहरं, मध्ये सारागोसासारखं तिसरं, अंतर पाच-सहाशे किलोमीटर. असं जिथे असेल तिथे ही रेल्वे बांधावीच. गाडी विजेवर चालते, आणि तेवढी माणसं आकाशातून खाली येतात.

पण परतीचं तिकीट मी काढलं होतं ते पॅसेंजरचं. बार्सिलोनाहून कास्पेमार्गे सारागोसा, जुन्या रुंद रुळांवरून. आवेला दीड तास लागतो, हिला पाच तासांहून जास्त. दिवसात मोजक्याच गाड्या.

तारागोनाच्या स्थानकाला समुद्र अगदी खेटून आहे. रेऊसनंतर डोंगर आणि बोगदे. मोरा ला नोव्हाला एब्रो नदी भेटली, आणि पुढे बराच वेळ आम्ही तिच्या काठाकाठानं गेलो. आस्कोला अणुवीज केंद्राचा प्रचंड मनोरा समोर उभा राहिला. नदी वळली की गाडी वळायची, गाडी वळली की वेग उतरायचा. खिडकीतून बदामाची झाडं मोजता येत होती. डब्यात शाळकरी मुलं होती, एक सायकलवाला होता, बाजारच्या पिशव्या घेतलेल्या दोन बायका होत्या. यांतलं कुणीच माद्रिदला निघालं नव्हतं.

ताई सकाळपासून वहीत मिनिटं लिहीत होती. फ्लिशच्या पुढे कधीतरी तिनं घड्याळाकडे बघणं सोडलं. नवं पान उघडून रेघा मारल्या. स्थानक, उतरले, चढले.

"ही गाडी ताशी शंभरनं सलग गेली," ती म्हणाली, "तरी दीड-दोन तास वाचतील. त्याला किती पैसे लागतात, सांग. तीनशेच्या मार्गाचे किती किलोमीटर कमी बांधले तर हे होईल?" प्रश्न तिनं मला विचारला, पण पेन्सिल तिचीच चालत होती.

नोनास्पेला गाडी थांबली. बाजारच्या पिशव्या घेतलेल्यांपैकी एक बाई उतरली. गार्डानं खाली उतरून तिची जड पिशवी फलाटावर ठेवली, आणि दुसऱ्या टोकाकडून पळत येणाऱ्या दोन मुलांसाठी थोडा थांबला. मुलं चढली. दार लागलं. ताईनं लिहिलं: नोनास्पे, उतरले एक, चढले दोन.