मोबाईल कव्हरवरचा काळा आणि खोटे तारे

नावं किंवा फुलं छापलेल्या कव्हरमध्ये थोडा डाग खपून जातो. अंतराळातल्या छायाचित्रात बऱ्याचदा अर्ध्याहून जास्त जागा काळी असते, त्यामुळे तिथे डाग लपत नाही. काही चुका मात्र इतक्या बेमालूम मिसळतात की दिसतच नाहीत.

माझं काम सब्लिमेशनचं, म्हणजे खास शाईने कागदावर छापलेलं चित्र उष्णतेने प्लेटवर उतरवायचं: टीपीयूची (लवचिक प्लास्टिकची) चौकट आणि वर चिकटवायची ॲल्युमिनियमची पातळ प्लेट. 80 बाय 165 मिमीच्या प्लेटसाठी चारी बाजूंना 3 मिमी जादा धरून 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) साधारण 1016 बाय 2020 पिक्सेल लागतात. नासाची बहुतेक छायाचित्रं मोफत वापरता येतात, पण नासाचा लोगो परवानगीशिवाय छापायचा नाही.

24 डिसेंबर 1968 ला अपोलो 8 मधून बिल अँडर्स यांनी टिपलेलं ‘अर्थराइज’, म्हणजे चंद्राच्या क्षितिजावर दिसणारी पृथ्वी, सगळ्यात जास्त मागितलं जातं, आणि बसवायला तेच अवघड. आपण पाहतो तसं चंद्राचं क्षितिज खाली आडवं ठेवलं, तर उभ्या कव्हरसाठी दोन्ही बाजू कापाव्या लागतात आणि पृथ्वी नेमकी कॅमेऱ्याच्या भोकाकडे सरकते. म्हणून आधी त्या मॉडेलचा साचा वर ठेवून पृथ्वी भोकाच्या खाली, कुठेही न कापता अख्खी दिसेल अशी आणतो. अर्धी कापलेली पृथ्वी मी छापत नाही.

छपाई उलटी, म्हणजे आरशातल्यासारखी काढायची. सॉफ्टवेअर आणि प्रिंटर ड्रायव्हर दोन्हीकडे ‘मिरर’ चालू राहिलं, तर चित्र पुन्हा सुलट होतं आणि प्लेटवर उलटं उमटतं. अक्षरं असती तर लगेच कळलं असतं; ताऱ्यांमध्ये कळत नाही. जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीने 2022 मध्ये टिपलेल्या ‘पिलर्स ऑफ क्रिएशन’ या वायू आणि धुळीच्या खांबांच्या चित्रात सर्वांत उंच खांब डावीकडे हवा. मृग नक्षत्रात काक्षी हा तारा डावीकडे वर, राजन्य हा तारा उजवीकडे खाली. दाबण्याआधी कागद उजेडासमोर पाठीमागून धरून एवढं बघून घेतो.

प्लेटवरची पारदर्शक फिल्म आठवणीने काढायची, मग चिकट रोलर दोनदा फिरवायचा. धुळीचा कण राहिला तर तिथे शाई उतरत नाही, पांढरा ठिपका राहतो. तो हुबेहूब तारा दिसतो, पण आकाशात नसलेला तारा छापणं मला पटत नाही. अशी प्लेट बाद.

पावसाळ्यात कागद दमट होतो, म्हणून आधी पाच सेकंद नुसता गरम करतो. मग हीट टेपने घट्ट बसवून माझ्या हीट प्रेसवर 190 अंश सेल्सियसला 60 सेकंद. वेळ कमी पडला तर काळा राखाडी, फिका राहतो. जास्त झाला तर तपकिरी झाक येते. प्रेस उघडताना कागद सरकला की प्रत्येक ताऱ्याला सावली येते. प्रत्येक नव्या शाईबरोबर आधी एक प्लेट चाचणीची जाते. गरम प्लेट वाकते, म्हणून सपाट फरशीवर वजनाखाली थंड करूनच चिकटवायची.

वायरलेस चार्जिंग वापरणाऱ्याला हे कव्हर देत नाही. धातूच्या प्लेटमुळे चार्जिंग होत नाही आणि प्लेट तापते. त्यांच्यासाठी व्हॅक्यूम प्रेसवर छापलेलं पॉलिकार्बोनेटचं (कडक प्लास्टिकचं) कव्हर.